दोन हिसक्यांमधला श्वास

विहिरीच्या कामात वर दोरी धरून बसणाऱ्याला अक्कल लागत नाही, असं खाली खोदणाऱ्याला वाटतं. आणि अक्कल असती तर हा खाली उतरलाच नसता, असं वरच्याला वाटतं. माझी आणि माझ्या थोरल्या भावाची ही थट्टा कितीतरी वर्षं चालली. तो खाली, मी वर. आता त्याच्या जागी त्याचा मुलगा खाली होता, आणि थट्टा करायची माझी छाती होत नव्हती.

मुलगा म्हणजे आमचा मुंगळा. लहानपणी भिंतीला, झाडाला, कशालाही चिकटून वर चढायचा म्हणून हे नाव मीच पाडलं. आता गावात त्याला मुंगळा कुणी म्हणत नाही. फौजी म्हणतात. बावीस वर्षांचा पोरगा. लढाईत एका टेकडीवरचा खड्डा त्यानं एकट्यानं दीड दिवस सोडला नाही, म्हणून सरकारनं छातीवर पदक लावलं. पेपरात फोटो आला. फोटोत तो घाबरलेला दिसत होता, पण लोक म्हणाले, उन्हानं डोळे बारीक झालेत.

महिन्याची रजा मिळाली होती. रजेवर आलेल्या माणसानं खावं, प्यावं, लोळावं. हा चौथ्या दिवशी पहार घेऊन मळेवाल्याच्या विहिरीवर हजर.

"अरे, पदकवाल्यानं चिखलात उतरायचं?" मळेवाला म्हणाला. "लोक मला जोड्यानं मारतील."

"मारू देत. घरात बसवत नाही मला," तो म्हणाला आणि फळीवर बसून खाली गेला.

रहाटावर त्याची आई, म्हणजे माझ्या वहिनी. भाऊ गेल्यावर लोक म्हणाले, आता तुम्ही घरी बसा, दीर सांभाळेल. वहिनींनी कुणाचं ऐकलं नाही. दहाव्या दिवशी रहाटाच्या दांड्याला हात घातला, तो तेव्हापासून सोडला नव्हता. पुरुषाच्या बरोबरीनं ओढतात आणि पुरुषाच्या निम्म्यानं बोलतात.

आमचं काम असं. खालच्यानं दगड फोडून टोपल्यात भरायचा, टोपलं दोराच्या आकड्याला अडकवायचं आणि भिंतीत कोरलेल्या कोनाड्यात जाऊन उभं राहायचं. वर रहाट फिरतो, टोपलं वर येतं, ते काठावर घ्यायचं, लांब नेऊन रिकामं करायचं. तोवर खालच्यानं कोनाड्याबाहेर नखसुद्धा काढायचं नाही. चाळीस हातांवरून लिंबाएवढा दगड सुटला तरी माणूस संपतो. वर सगळं आवरलं की मी मनगटाला गुंडाळलेली बारीक दोरी हलवायची. तिचं दुसरं टोक कोनाड्यात लोंबत असतं. ओरडून उपयोग नसतो. वरून ओरडलेलं खाली पोचेपर्यंत नुसता घुमारा होतो. खालून कुजबुजलेलं मात्र वर स्वच्छ ऐकू येतं. विहिरीची ही गंमत आहे.

तीन हिसके म्हणजे बाहेर ये. हे सगळ्याच खोदणाऱ्यांत आहे. पण आमच्यात आणखी एक नियम आहे: दोन हिसक्यांच्या मधे एक पूर्ण श्वास घ्यायचा. हिसका, श्वास, हिसका, श्वास, हिसका. घाईघाईनं तीन आले तर ते मोजायचे नाहीत, जागचं हलायचं नाही. हा मधला श्वास दुसऱ्या कुणाकडे नाही. तो माझा. मुंगळा पंधराव्या वर्षी पहिल्यांदा विहिरीत उतरला तेव्हा मी त्याच्याकडून तो घोकून घेतला होता. चुकला की थोबाडीत मारायचो. आणि दर वेळी एकच सांगायचो, "तुझा बाप दोरी हलायच्या आधी बाहेर आला. काठावरच्या टोपल्यातून दगड सुटला. तुला तसं मरायचंय का?"

पुढे एकोणिसाव्या वर्षी हा फौजेत गेला. विहिरीतून एकदाची सुटका म्हणून गेला, आणि तिथे पहिल्याच दिवशी त्यांनी हातात फावडं देऊन सांगितलं, खड्डा खण. हे त्यानं पत्रात लिहिलं तेव्हा आम्ही पोट धरून हसलो होतो.

आता हसायला येत नव्हतं. पोरगा बदलून आला होता. टोपलं रिकामं करताना दगडांचा खडखडाट झाला की तो कोनाड्यात मटकन खाली बसायचा, वरून दिसायचं. घरी अंगणात कपडे वाळत घालायची दोरी होती. वाऱ्यानं ती हलली की हा बोलता बोलता थांबायचा आणि ओठ हलवत काहीतरी मोजायचा. वहिनींनी तिसऱ्या दिवशी ती दोरी काढून टाकली. कपडे कुंपणावर घालायला लागल्या. का, ते त्यांनी विचारलं नाही आणि यानं सांगितलं नाही.

मास्तरांनी त्याला शाळेत बोलावलं. मुलांना धैर्यावर चार शब्द सांगा म्हणाले. मीही गेलो होतो, मागच्या बाकावर गुडघे दुमडून बसलो होतो. हा उभा राहिला, टेबलाची कड घट्ट धरली आणि म्हणाला, "मी खड्ड्यात थांबलो, कारण दोरी हलली नाही." आणि बसला. मास्तरांना काही कळलं नाही, म्हणून त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मुलांनीही वाजवल्या.

"पाहिलंत?" मास्तर मला बाहेर म्हणाले. "खरा शूर माणूस असाच बोलतो. थोडक्यात."

मी मान डोलावली. पण कुठली दोरी, हे त्या वर्गात माझ्याशिवाय कुणाला ठाऊक होतं?

रजेचे पाच दिवस उरले होते. दुपारी वहिनी मळेवाल्याच्या घरी पाणी आणायला गेल्या. आम्ही दोघं दगडांच्या ढिगाच्या सावलीत जेवायला बसलो होतो. त्यानं डबा उघडलाच नाही.

"काका, एक काम कराल?"

"सांग."

"उद्या टोपलं काठावर आलं की एक दगड सोडा."

"कुठे सोडू?"

"माझ्या हातावर. उजव्या. मी कोनाड्यातून हात बाहेर काढून खाली ठेवतो. चार बोटं गेली तरी चालतील. बोटं नसलेल्याला बंदूक देत नाहीत."

तोंडातला घास गिळावा की थुंकावा मला कळेना. "डोकं फिरलंय का तुझं?"

"अपघात झाला म्हणायचं. विहिरीत होतातच अपघात. बाबांचा नाही का झाला?"

मी पाण्याचा तांब्या उचलला. तो रिकामा होता, तरी तोंडाला लावला.

"मला भीती वाटते, काका." तो अगदी साध्या आवाजात बोलत होता, जसं एखाद्यानं पाठ दुखते म्हणून सांगावं. "सकाळी उठलो की पहिली तीच येते. तिकडे गेलो की परत खड्डा, परत दोरी. मी वाचणार नाही, किंवा वाचलो तर आणखी वाईट. आईला नका सांगू."

"वहिनी येतायत. जेव," मी म्हणालो.

सगळ्या जगाला हा शूर वाटत होता, आणि तो माझ्यासमोर बसून आपली बोटं मोडून मागत होता. मी ओरडायला हवं होतं, नाहीतर त्याला जवळ घ्यायला हवं होतं. मी यातलं काहीच केलं नाही. मला स्वतःचीच भीती वाटत होती, कारण देऊन टाकावीत बोटं, असं मला वाटून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आभाळ भरून आलेलं. वारा नाही, पाऊस नाही, नुसतं उकडत होतं. ओल्या मातीचा आणि फुटलेल्या दगडाचा वास विहिरीच्या तोंडाशी साचून राहिला होता. चार टोपली वर आली. पाचवं काठावर घेतलं आणि मी वहिनींना म्हणालो, "हे मी रिकामं करतो. तुम्ही तेवढं पाणी घेऊन या."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मग कळशी घेऊन निघाल्या. मी त्यांना मुद्दाम पाठवलं, हे मला मान्य केलं पाहिजे.

त्या बांधाआड गेल्या आणि खालून आवाज आला, "ठेवलाय, काका."

मी टोपल्यातून एक दगड उचलला. फार मोठा नव्हता. काठाशी येऊन खाली वाकलो. कोनाड्यातून हात कोपरापर्यंत बाहेर आलेला, पालथा, एका सपाट दगडावर ठेवलेला. पाच बोटं पसरलेली. याच हाताला धरून मी त्याला शाळेत सोडायला जायचो. सोडावा का? सोडला तर हा इथे राहील, वहिनींच्या डोळ्यांसमोर राहील. नाही सोडला तर चार दिवसांनी जाईल, आणि मग एक दिवस पोस्टमन येईल. पण दगडाला काय कळतं हात कुठला आणि डोकं कुठलं? मधेच भिंतीला लागला तर? मी आणखी पुढे वाकलो आणि काठाची थोडी माती सुटून खाली गेली. खाली ती पडल्याचा आवाज आला, आणि हाताची बोटं आणखी पसरली. त्याला वाटलं, आला.

मी दगड मागे फेकला आणि खाली बसलो.

"होत नाही माझ्याच्यानं!" मी ओरडलो. शब्द त्याला कळले नसतील, पण अर्थ कळला असावा.

"मग मी वर येत नाही," खालून आलं. आवाज स्वच्छ, माझ्या शेजारी बसून बोलल्यासारखा. "चार दिवस इथेच बसतो. नाहीतर कायमचा."

मी दोरी हलवली. हिसका, श्वास, हिसका, श्वास, हिसका. काही नाही. परत हलवली. माझा श्वास मधे नीट घेतलाच जात नव्हता. तिसऱ्यांदा हलवत होतो तेव्हा वहिनी कळशी घेऊन मागे उभ्या होत्या.

"काय झालं?"

"तो वर येत नाही."

"लागलं का काही?"

"नाही. घाबरलाय."

वहिनींनी कळशी खाली ठेवली. "मी उतरते. तुम्ही रहाट धरा."

"नको," मी म्हणालो. "मी जातो."

सोळा वर्षांत मी एकाही विहिरीत उतरलो नव्हतो. गुडघे दुखतात असं सांगत आलो होतो. वहिनींनी माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग टोपल्याचा आकडा काढून ते होतं तिथेच काठावर राहू दिलं आणि दोराला फळी बांधली. माझ्या मनगटाची दोरी सोडून स्वतःच्या मनगटाला गुंडाळली.

"बसा," म्हणाल्या.

फळी काठावरून सुटली आणि माझे पाय अधांतरी आले. वरचा उजेड आवळत चालला. भिंतीला हात लागला की ओल लागायची आणि मी हात झटकन मागे घ्यायचो. रहाटाची खिट्टी वर एकेका दात्यावर टकटक वाजत होती. ती एकदा जरी चुकली तर? मी डोळे मिटले. मिटले की भाऊ दिसायला लागला, म्हणून परत उघडले. पाय गार पाण्यात टेकले तेव्हा माझा सदरा घामानं भिजून अंगाला चिकटला होता.

मुंगळा कोनाड्यात पाय पोटाशी घेऊन बसला होता. दोरीचं टोक त्याच्या मुठीत. मी शेजारी घुसलो. कोनाडा एकाच माणसाच्या मापाचा, आमचे खांदे एकमेकांत रुतले. तो थरथरत होता, की मी, ते कळत नव्हतं.

"चल वर."

"काका, मी शाळेत खोटं बोललो."

"काय खोटं?"

"दोरी हलली होती."

मी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"पुढचा खड्डा माझा होता," तो सांगायला लागला. "मागे चाळीस पावलांवर बाकीची तुकडी. मधे दोरी मीच टाकली होती. आपल्यासारखी. तिकडचं टोक मिशीवाल्यांकडे. मिशीवाले म्हणजे आमच्यातले सगळ्यात जुने शिपाई. घरी बायको, दोन मुली. मागे फिरायचा हुकूम आला की त्यांनी दोरी हलवायची आणि मी निघायचं, असं ठरलेलं. तुमचा नियम मी त्यांना शिकवला होता. तीन, मधे श्वास. रोज पाठ करून घ्यायचो. ते हसायचे. म्हणायचे, अरे, मरतानासुद्धा श्वास घेऊन हलवीन."

"मग?"

"सकाळी धुकं होतं. समोरून गोळीबार सुरू झाला. मागून कुणाचा आवाज येईना. मग दोरी हलली. तीन होते, काका. पण घाईत. मधे श्वास नव्हता."

मी त्याच्या मुठीतल्या दोरीकडे पाहिलं.

"मी म्हटलं, हे मिशीवाले नाहीत. कुणाचा तरी पाय अडकला असेल. घाईतले मोजायचे नाहीत. बाबा थांबले नाहीत आणि गेले. मी जागचा हललो नाही. परत तीन आले. परत घाईत. मग दोन. मग नुसतीच थरथरायला लागली. मी समोर गोळ्या झाडत होतो आणि डाव्या हातात दोरी थरथरत होती. दुपारपर्यंत. मग थांबली."

"आणि तू?"

"मी बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी आमची माणसं परत आली. हुकूम आदल्या सकाळीच आला होता, सगळे मागे गेले होते. मिशीवाले माझ्यासाठी थांबले होते. पोटात गोळी लागलेली. दोरी मनगटाला. मी पहिल्या तीनला मागे आलो असतो तर त्यांना ओढून नेलं असतं. चाळीस पावलं तर होती. पोटात गोळी लागलेला माणूस मधे श्वास कुठून घेणार, काका? हे माझ्या डोक्यात आलंच नाही. पदक त्याचंच आहे. मी बाहेर न आल्याचं."

तो रडत नव्हता. रडला असता तर बरं झालं असतं. मी वर पाहिलं. आभाळाचा ताटाएवढा तुकडा, आणि त्याच्या कडेला वहिनींचं डोकं, काळं, न हलणारं. खालून कुजबुजलेलंही वर जातं. त्यांनी सगळं ऐकलं होतं, आणि आता मी जे बोलणार तेही ऐकणार होत्या. मला एवढी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. गप्प बसता आलं असतं. सोळा वर्षं बसलोच होतो. पण मी गप्प बसलो म्हणून काय झालं, ते माझ्या खांद्याला खांदा लावून थरथरत होतं.

"तुझा बाप थांबला होता," मी म्हणालो.

"काय?"

"तो दोरी हलायच्या आधी बाहेर आला नाही. दोरी हलली होती. तीन वेळा. मी हलवली."

तो माझ्याकडे बघत राहिला. एवढ्या जवळून की त्याचा श्वास माझ्या गालाला लागत होता.

"टोपलं काठावर होतं. रिकामं करायचं बाकी होतं. माझ्या मानेवर गांधीलमाशी बसली. दोरी गुंडाळलेल्याच हातानं मी तिला झटकलं. एकदा, दोनदा, तीनदा. तेव्हा नियम नुसता तीनचा होता. त्यानं मोजले, बरोबर मोजले, आणि बाहेर आला. टोपल्याला माझाच धक्का लागला. मी लोकांना सांगितलं, तो आधीच बाहेर आला. आणि मग तो मधला श्वास काढला. पुन्हा माझ्या हातून तसं होऊ नये म्हणून. माझी भीती होती ती. ती मी तुला थोबाडीत मारून शिकवली."

"गांधीलमाशी?" तो म्हणाला.

"गांधीलमाशी."

तो हसला. फार वाईट हसला. मग त्यानं डोकं भिंतीला टेकवलं आणि आता मात्र रडायला लागला, तोंड उघडं टाकून, सहा वर्षांचा असताना रडला होता तसा. "मी सोळा वर्षं बाबांवर रागावलोय," तो म्हणाला. "एवढं कसं थांबता आलं नाही यांना, म्हणून."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यानं तो झटकला नाही, हे मला खूप वाटलं.

बऱ्याच वेळानं त्यानं नाक पुसलं. "म्हणजे तीन म्हणजे तीनच."

"तीन म्हणजे तीनच."

"म्हणजे मिशीवाले मला बोलावतच होते."

इथे खोटं बोलायची सोय होती. वारा असेल रे, म्हणता आलं असतं. "हो," मी म्हणालो.

त्यानं मुठीतली दोरी सोडली. बोटांवर तिचे वळ उठले होते. ती बोटं त्यानं उघडून मिटून पाहिली.

"काका, पदक मिळाल्यावर तिथे सगळ्यांनी मला विचारलं, कसं थांबलास? मी त्यांना नियम शिकवला. अख्ख्या तुकडीला. नवीन पोरं आलीत, तीसुद्धा आता मधला श्वास मोजतात."

 पाणी कोनाड्याच्या कडेला लागत होतं.

"उद्याच निघतो," तो म्हणाला. "आधी मिशीवाल्यांच्या घरी जातो."

"काय सांगशील?"

"तीन होते, हे सांगतो. मग तिकडे. त्या पोरांना सांगायला हवं."

"भीती?"

"आहे ना. ती कुठे जाते?" तो उठला आणि फळीवर बसला. "पण तिकडे दोरी धरायला हात लागतील."

मी दोरीला खालून दोन हिसके दिले. ओढा, असा त्याचा अर्थ. रहाट कुरकुरला आणि तो वर निघाला. त्याच्या पायांचे तळवे लहान लहान होत गेले आणि काठाशी दोन हातांनी त्याला बाहेर ओढलं. मग काठ रिकामा झाला.

फळी खाली आली नाही.

मी कोनाड्यात उभा राहिलो. वर त्या दोघांत काय बोलणं चाललं होतं, की काहीच चाललं नव्हतं, मला कळायला मार्ग नव्हता. वरचं खाली येत नाही. काठावर ते टोपलं तसंच होतं, खालून त्याची कड दिसत होती. पाचवं टोपलं, मीच रिकामं न केलेलं, दगडांनी भरलेलं. दोरी त्या बाईच्या मनगटाला होती जिचा नवरा मी मारला आणि सोळा वर्षं जिच्या शेजारी उभा राहून मी दोरी हलवली. तिनं मला इथेच ठेवलं असतं तरी मी काय म्हणणार होतो? पायांतलं पाणी बर्फासारखं वाटायला लागलं. मी दोरीचं टोक धरलं होतं आणि माझ्या हाताची नाडी दोरीत लागत होती. दर ठोक्याला वाटायचं, हलली.

किती वेळ गेला, सांगता येणार नाही.

मग दोरी हलली. तीन वेळा. भराभर. मधे श्वास नव्हता.

त्या हिसक्यांचा अर्थ काय घ्यायचा? माझ्या नियमानं ते मोजायचे नव्हते. आणि असेच तीन मोजून माझा भाऊ बाहेर आला होता, इथल्यासारख्याच पाण्यात, अशाच टोपल्याखाली. माझे पाय उचलेनात. मी भिंतीला धरून उभा होतो. पण तीन म्हणजे तीनच, असं मीच आत्ता म्हणालो होतो, आणि ते तिनं ऐकलं होतं.

मी बाहेर आलो. उघड्यावर, मधोमध उभा राहिलो आणि वर पाहिलं.

टोपल्याची कड हलली. दोन हात दिसले. ते टोपलं मागे ओढलं गेलं, आणि मग फळी हळूहळू खाली यायला लागली.

मी वर आलो. मुंगळा रहाटाचा दांडा धरून होता. वहिनींचे डोळे लाल होते. त्यांच्या मनगटाला दोरी होती. सवयीनं मी ती घ्यायला हात पुढे केला.

"राहू द्या," वहिनी म्हणाल्या. "आजपासून दोरी माझ्याकडे. तुम्ही रहाट फिरवा."

त्यावर त्या आजपर्यंत एक शब्द बोललेल्या नाहीत. मला वेळेवर जेवायला वाढतात. त्या बोलल्या असत्या, शिव्या दिल्या असत्या, तर मी सुटलो असतो.

मुंगळा दुसऱ्या दिवशी गेला. तीन आठवड्यांनी त्याचं पत्र आलं. वहिनींनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. त्यानं लिहिलं होतं: मिशीवाल्यांच्या बायकोनं सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. एकच विचारलं, तिसरा हिसका जोरात होता का? मी हो म्हणालो. आणि तुकडीत सगळ्यांना सांगितलंय, तीन म्हणजे तीन. इथे सगळे घाबरलेलेच आहेत, आई, मी एकटा नाही.

त्यानंतर पत्र नाही. लढाई परत पेटल्याचं मास्तर पेपरात वाचून सांगतात. मळेवाल्याच्या विहिरीला पाणी लागलं, आता आम्ही पुढच्या मळ्यात नवी खोदतोय. खाली भाड्यानं आणलेला एक जण असतो. रस्ता इथून दिसतो. रोज अकराच्या सुमाराला त्या रस्त्यावर पोस्टमनची सायकल येते, आणि आमच्या वाटेच्या तोंडाशी जरा हळू होते, कारण तिथे चढ आहे. मी रहाटाला खिट्टी लावतो आणि वहिनींकडे बघतो. त्यांचा चेहरा पांढरा पडलेला असतो, ओठ मिटलेले असतात. पण सायकल चढ ओलांडून दिसेनाशी होईपर्यंत त्या मनगट तसूभरही हलू देत नाहीत. खाली माणूस असतो.